दौलताबादचा खून आणि हेगचे न्यायाधीश

सिंदखेडराजाला जाणारा माणूस बहुतेक वेळा जिजाऊंच्या जन्मस्थानासाठी जातो. १२ जानेवारीला तर गावात पाय ठेवायला जागा नसते. राजवाड्याच्या दरवाज्यात फोटो निघतात, मोती तलाव पाहून होतो आणि वेळ उरलाच तर कुणीतरी जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीकडे वळतं. तिथे मात्र एकट्या लखुजींची आठवण काढून भागत नाही. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी चौघे गेले. लखुजी, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव. २५ जुलै १६२९, दौलताबादचा किल्ला, अहमदनगरच्या निजामशहाचा दरबार. मुजऱ्याला गेले ते परतलेच नाहीत.

कुणी मारलं, असं बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, ‘निजामशहाने’ हे उत्तर तयार असतं. इतिहास म्हणून ते बरोबरच आहे. पण हेच उत्तर फौजदारी न्यायालयात टिकेल का?

समजा हे प्रकरण आज हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे आलं. खरं तर ते येणार नाही. ते न्यायालय १ जुलै २००२ नंतरच्याच गुन्ह्यांचा विचार करतं, आणि भारत त्याचा सदस्यही नाही. तरी क्षणभर धरून चालू. फिर्यादी पक्ष पहिला पुरावा म्हणून पादशाहनामा पुढे करील. शाहजहानच्या दरबारी अब्दुल हमीद लाहोरी याने लिहिलेल्या या ग्रंथात खुनाची हकीकत आहे. बचावाचा वकील लगेच उठेल. लेखक तिथे हजर होता का? मोगल हे निजामशाहीचे वैरी, मग वैऱ्याच्या पगारी लेखकाचं किती ऐकायचं? आता गंमत पाहा. खुनानंतर लखुजींचे भाऊ जगदेवराव आणि इतर मंडळी मोगलांकडे गेली. म्हणजे ही हकीकत बहुधा घरच्या माणसांच्या तोंडूनच मोगली दफ्तरात शिरली असणार. इतिहासकाराला ही गोष्ट आवडते, कारण बातमी जवळच्यांची आहे. बचावाच्या वकिलालाही ती आवडते, कारण बातमी हितसंबंधी माणसांची आहे!

मग येतील बखरी, पण त्या नंतरच्या. समाधी मृत्यू सिद्ध करते, मारेकरी नाही. आणखी एक गोष्ट फिर्यादीच्या हाती आहे. खुनानंतर जाधव मंडळी फुटली, जावई शहाजीराजेही निजामशाहीतून बाहेर पडले. यावरून त्या काळच्या लोकांनी दोष कुणाच्या माथी मारला ते कळतं. इतिहासकाराचं एवढ्यावर भागतं. न्यायाधीशाचं भागत नाही. तो विचारणार की हुकूम कुणी दिला? कुणाला दिला? ‘धरा’ म्हणाला की ‘मारा’ म्हणाला? निजामशहाला वगळून दरबारातल्या कुणाचा हात असण्याची शक्यता संपूर्ण मिटली का?

एकाच घटनेकडे पाहणारी ही दोन माणसं, आणि त्यांच्यात पडलेली फट. गेल्या ऐंशी वर्षांतल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय खटल्यांत इतिहासाला पुरावा म्हणून बोलावलं गेलं, आणि दर वेळी या फटीत कुणाचा ना कुणाचा पाय अडकला.

जुना कागद आणि न्याय यांची गाठ घालणं मराठी मुलखाला काही नवं नाही. धर्मशास्त्राने माणसांच्या हातचे तीन पुरावे सांगितले होते, लिखित, भुक्ती म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट, आणि साक्षी. तिन्ही हरले तर चौथं दिव्य, म्हणजे उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा आणि हात भाजला का ते पाहायचं. पाटीलकीचा किंवा देशमुखीचा तंटा लागला की गोतसभा बसायची. दोन्ही पक्ष करीना लिहून द्यायचे. करीना म्हणजे आपल्या घराण्याच्या हक्काचा इतिहासच. मग गावच्या वडीलधाऱ्या माणसांच्या गोह्या, सनदा, शिक्के. निवाडा महजरावर उतरायचा आणि खाली हजर लोकांच्या निशाण्या पडायच्या, पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. बनावट कागदांचाही सुळसुळाट होता. वतनापायी खोटी सनद करणाराही त्या काळात काही कमी हुशार नव्हता, त्यामुळे कागद खरा की खोटा हे तपासण्याची नजर न्याय देणाऱ्यांना ठेवावीच लागे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि बखरींना उलटतपासणीला उभं केलं, ते याच मुशीतलं काम होतं.

आणि ते संपलेलंही नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि राज्यभरच्या तहसील कचेऱ्यांतले जुन्या दप्तरांचे गठ्ठे मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी सोडले गेले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने जन्म-मृत्यूच्या रकान्यात सहज लिहिलेला एक शब्द आज नातवाच्या हक्काचा पुरावा होतो. तो कारकून काही साक्ष देण्यासाठी लिहीत नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या नोंदीला किंमत आहे.

आता मराठी कागद खुद्द हेगला गेले ती गोष्ट. ती फौजदारी नव्हती, दोन देशांमधली होती. पण जुन्या कागदाचं न्यायालयात काय होतं हे दाखवणारं इतकं सुरेख उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही आपली माणसं होती हे अनेकांना ठाऊक असतं. त्याचा पुढचा अंक तेवढा ठाऊक नसतो. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून या गावांपर्यंत भारतीय मुलखातून जाण्यायेण्याचा आम्हाला हक्क आहे, आणि भारताने तो अडवला, असं त्यांचं म्हणणं. हक्क कशावरून? तर ती गावं आमच्या सार्वभौम मालकीची. मालकी कशावरून? तर १७७९ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी ती आम्हाला दिली, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ताब्यात दिली.

झालं. विसाव्या शतकात, हॉलंडमधल्या शांतता प्रासादात, जगभरचे न्यायाधीश सवाई माधवरावांच्या काळातले मराठी शब्द चाळत बसले. भारताच्या वतीने मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून त्या पीठावर होते. भारताने तहाच्या वैधतेवरच बोट ठेवलं. त्याचे निरनिराळे मसुदे एकमेकांशी जुळत नाहीत आणि दोघांनाही मान्य असा एकही अस्सल मसुदा नाही, असा आक्षेप घेतला. न्यायालयाने तो मानला नाही, आणि त्यामागचं कारण मोठं शहाणपणाचं आहे. अठराव्या शतकातल्या तहाला आजच्या पद्धतींच्या फूटपट्टीने मोजू नका, असं न्यायाधीश म्हणाले. मराठ्यांनी स्वतः तो तह पाळला आणि नंतरच्या सनदांत त्याचा हवाला दिला, मग तो झालाच नाही असं कसं म्हणता येईल? इतिहासाच्या कुठल्याही चांगल्या प्राध्यापकाने हेच सांगितलं असतं.

पुढचा प्रश्न होता, दिलं काय? इथे मराठी दफ्तराची भाषा भारताच्या कामी आली. सनदांतली शब्दयोजना पाहता पोर्तुगिजांना मिळाला तो वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाचा सरंजाम, सार्वभौम सत्ता नव्हे, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. एक युक्तिवाद तर मला फार आवडतो. तहात गावांतला दंगा मोडण्याची तरतूद होती. पोर्तुगाल म्हणे, पाहा, सत्ता आमची होती. न्यायालय म्हणालं, सत्ता तुमचीच असती तर दंगा मोडण्याचं वेगळं लिहावं कशाला लागलं असतं? घरमालकाला घर झाडायची परवानगी कुणी देतं का?

महसूल एकाचा आणि सार्वभौमत्व दुसऱ्याचं, ही भानगड बुलढाण्याच्या माणसाला उलगडून सांगावी लागत नाही. आपला सगळा वऱ्हाड १८५३ च्या करारापासून त्यातच होता. कारभार इंग्रजांचा, नाव हैदराबादच्या निजामाचं. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा झाला, तेव्हाही कागदावर वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व शाबूत होतं. आणि १९३६ पासून हैदराबादचा युवराज ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवत होता, मेहकर-चिखलीच्या शेतकऱ्याला त्याचं तोंडही ठाऊक नसताना.

तर लिखित भारताच्या बाजूने गेलं. पण भुक्ती? मराठ्यांनंतर इंग्रज आले तेव्हा त्यांना गावांवर पोर्तुगीज पूर्ण कारभार करताना आढळले. इंग्रजांनी ते चालू दिलं. त्यातून पोर्तुगिजांच्या सत्तेला प्रत्यक्षात आणि गर्भितपणे मान्यता मिळाली, आणि पुढे भारतानेही ती मुकाट्याने चालवून घेतली. सव्वाशे वर्षं खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनबोभाट ये-जा करत राहिले, म्हणून तेवढा जाण्यायेण्याचा हक्क वहिवाटीने तयार झाला. फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं मात्र दर वेळी परवानगी घेऊनच नेली जात, म्हणून तो हक्क नाही. आणि १९५४ मध्ये भारताने जे अडवलं ते तिथल्या तणावामुळे, त्यात हक्काचा भंग नाही. १२ एप्रिल १९६० चा हा निकाल गोतसभेच्या एखाद्या म्हाताऱ्या पाटलाला वाचून दाखवला असता तर त्याला त्यात काही परकं वाटलं नसतं.

जमिनीच्या तंट्यात हे सगळं चालतं. इथे भुक्तीला किंमत आहे, समजुतीला आहे, मुकाट संमतीलाही आहे. माणसाची मान सुळावर असते तेव्हा मात्र यातलं बरंचसं गळून पडतं. सव्वाशे वर्षांची वहिवाट कुणालाही खुनी ठरवू शकत नाही.

न्यूरेंबर्गला नोव्हेंबर १९४५ मध्ये नाझी पुढाऱ्यांवर खटला उभा राहिला तेव्हा मुख्य अमेरिकन अभियोक्ता रॉबर्ट जॅक्सन यांनी एक पैज घेतली. साक्षीदारांपेक्षा कागदांवर भर द्यायचा. छळछावणीतून वाचलेला माणूस सुडाने बोलतो, फितूर झालेला अधिकारी शिक्षा टाळण्यासाठी बोलतो, असं म्हणता येतं. स्वतःच्या सहीच्या हुकमाला माणूस काय म्हणणार? जर्मन कारभाराला लिहून ठेवण्याची खोड होती आणि दोस्तांच्या हाती दप्तरंच्या दप्तरं लागली होती. खटल्याचा निकाल १ ऑक्टोबर १९४६ ला पुरा झाला. बावीस जणांपैकी बारांना फाशी, सातांना तुरुंगवास, तीन निर्दोष. त्या तीन निर्दोषांकडे लोक फारसं बघत नाहीत. पण कागद प्रत्येकाच्या हातापर्यंत पोचला की नाही हे बघितलं गेलं, याची खूण तीच आहे.

कागद मिळणं हाही नशिबाचाच भाग. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वानझे इथे पंधरा अधिकारी जमले आणि युरोपातल्या ज्यूंच्या संहाराची व्यवस्था त्यांनी जुळवली. त्यांच्यापैकी आइशमान या अधिकाऱ्याने टिपण तयार केलं, त्याच्या तीस प्रती निघाल्या. युद्ध संपेपर्यंत त्या नाहीशा झाल्या, फक्त सोळाव्या क्रमांकाची उरली. ती परराष्ट्र खात्यातल्या मार्टिन लूथर नावाच्या अधिकाऱ्याची. हा लूथर आपल्याच मंत्र्याविरुद्ध कारस्थान केल्यावरून पकडला गेला, त्याचे कागद बाजूला पडले, आणि पुढे इतरांचं दप्तर जळालं तेव्हा याचं राहून गेलं. १९४७ मध्ये ते सापडलं, म्हणजे न्यूरेंबर्गचा मुख्य खटला संपल्यावर. त्या टिपणाची भाषाही सरकारी. मारायचं कुठे म्हटलेलंच नाही, ‘पूर्वेकडे हलवणं’ म्हटलंय. १९६१ मध्ये जेरुसलेमला खटला चालला तेव्हा आइशमानने स्वतःच कबूल केलं की बैठकीत बोलणं असं आडपडद्याचं नव्हतं. लिखित आणि साक्षी दोन्ही जुळले तेव्हा कुठे त्या सभ्य शब्दांचा अर्थ न्यायालयाच्या कागदावर उतरला.

जपानने न्यूरेंबर्गचा धडा जणू आधीच ओळखला होता. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागती जाहीर झाली आणि अमेरिकन फौजा उतरायच्या आत टोकियोत सरकारी दप्तरांच्या होळ्या पेटल्या. त्यामुळे टोकियोच्या खटल्यात फिर्यादीला साक्षींवर, ऐकीव गोष्टींवर आणि परिस्थितीवर भर द्यावा लागला. आरोपपत्राचा कणा असा की १९२८ पासून जपानी नेत्यांचा एकच अखंड कट चालू होता. अकरा न्यायाधीशांपैकी एक होते कलकत्त्याचे राधाबिनोद पाल. त्यांचं बाराशेहून जास्त पानांचं भिन्नमत म्हणजे एका अर्थाने इतिहासाच्या पुराव्याची उलटतपासणीच आहे. सतरा वर्षांत सरकारं पडली, धोरणं फिरली, लष्कर आणि मंत्रिमंडळ एकमेकांशी भांडले. मागे वळून पाहताना हे सगळं एका दोरीत ओवलेलं दिसतं म्हणून ती दोरी तेव्हा होतीच असं होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. जपानी सैन्याने अत्याचार केले हे त्यांनी नाकारलं नव्हतं. आरोपींना सोडा म्हणणारा हा न्यायाधीश पुढे जपानमधल्या उजव्या मंडळींचा लाडका झाला, यासुकुनी मंदिरात त्यांचं स्मारकही उभं आहे. पण पाल यांचा मुद्दा जपानच्या बाजूचा नव्हता, पुराव्याच्या बाजूचा होता, असं मला वाटतं. पुढचं ठाऊक असल्यामुळे मागचं सगळं अटळ वाटू लागतं, हा दोष इतिहास लिहिणाऱ्यात नेहमीचा. पुस्तकात त्याने काही बिघडत नाही, पण टोकियोत त्यावर सात फाश्या अवलंबून होत्या.

आइशमानच्या जेरुसलेमच्या खटल्यात आणखी एक नवी गोष्ट झाली. सालो बॅरन हे इतिहासकार तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले. आरोपीने काय केलं यावर त्यांना काही सांगायचं नव्हतं. संहारापूर्वी युरोपात ज्यू समाज कसा होता, काय नष्ट झालं, एवढंच. आरोपीवर खटला आहे की इतिहासावर, अशी कुरबुर तेव्हाच सुरू झाली. पुढे युगोस्लाव्हिया आणि रवांडासाठी संयुक्त राष्ट्रांनी न्यायाधिकरणं नेमली तेव्हा इतिहासकाराची खुर्ची जवळजवळ ठरूनच गेली.

रवांडाच्या प्रकरणाजवळ जरा थांबतो, कारण तिथे इतिहास सजावटीपुरता राहिला नाही. १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली. टान्झानियातल्या अरुशा इथे ताबा कम्यूनचा प्रमुख झाँ-पॉल आकायेसू याच्यावर खटला चालला. कायद्याची पंचाईत अशी की १९४८ च्या करारानुसार वंशसंहार ठरायला बळी पडलेला गट राष्ट्रीय, वांशिक, वंशवर्णीय किंवा धार्मिक असावा लागतो. हुतू आणि तुत्सी बोलतात एकच किन्यारवांडा, राहतात त्याच डोंगरांवर, जातात त्याच चर्चमध्ये. मग तुत्सी हा वेगळा गट कोणत्या अर्थाने? बचावाला एवढी फट पुरेशी होती.

इथे अॅलिसन दे फोर्ज या इतिहासकार महिलेची साक्ष महत्त्वाची ठरली. पूर्वी या शब्दांच्या सीमा सैल होत्या. मग बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापायला लावलं. बापाची जात पोराला लागू लागली, आणि सैल शब्दाचं पक्कं कुंपण झालं. १९९४ मध्ये रस्त्यातल्या अडथळ्यांवर तेच ओळखपत्र पाहून माणसं मारली गेली. एका कारकुनी रकान्याचा हा प्रवास! न्यायालयाने तो मान्य केला, तुत्सींना संरक्षण असलेला गट मानलं, आणि २ सप्टेंबर १९९८ ला आकायेसू दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलेला तो पहिला माणूस. पण दे फोर्ज यांच्या साक्षीने तो दोषी ठरला नाही हे नीट लक्षात घ्यायला हवं. त्यांच्या साक्षीने गुन्ह्याला नाव मिळालं. आकायेसू कुठे उभा होता, काय बोलला, कुणाला अडवलं नाही, हे ताबाच्या गावकऱ्यांनी, त्यातही अत्याचार भोगलेल्या बायकांनी, उभं राहून सांगितलं.

त्याच अरुशात एक इतिहासकार आरोपीच्या पिंजऱ्यातही होता. फर्दिनां नाहिमाना हा बुतारेच्या विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक. हजार डोंगरांच्या देशात द्वेष पसरवणाऱ्या आरटीएलएम रेडिओच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या खटल्यात १९९४ च्या आधीची भाषणं, लेख, कांगुरा या पत्राचे अंक असा ढीग पुराव्यात आला. २००३ मध्ये जन्मठेप झाली. २००७ मध्ये अपील पीठाने रेघ मारली. या न्यायाधिकरणाचा अधिकार १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९९४ एवढाच. त्याआधीचं वाचा, त्यावरून नंतरच्या शब्दांचा अर्थ लावा, हेतू ओळखा, पण शिक्षा त्याची देऊ नका. नाहिमानाची शिक्षा तीस वर्षांवर आली. इतिहासाच्या वर्गात कारणं शोधत आपण तीनशे वर्षं मागे जातो आणि कुणी हटकत नाही. न्यायालयात मात्र कॅलेंडरचं पान उलटलं की दार बंद होतं.

कंबोडियाच्या खटल्यातला एक कागद तर चमत्कारिकच. नॉम पेन्हमधल्या एका शाळेत ख्मेर रूज राजवटीचा एस-२१ हा तुरुंग होता. त्याचा प्रमुख दुच, पूर्वाश्रमीचा गणिताचा शिक्षक. तिथे किमान १२,२७२ माणसं मारली गेली असं न्यायालयाने नोंदवलं. मारण्यापूर्वी प्रत्येकाकडून कबुलीजबाब लिहून घेतला जाई. मी अमुक देशाचा हेर, तमुक कटात होतो. मजकूर सगळा छळातून उकळलेला, म्हणजे पुरावा म्हणून कवडीमोल. छळातून मिळालेला जबाब त्यातल्या मजकुरासाठी वापरायचा नाही हा आंतरराष्ट्रीय नियमच आहे, अपवाद एकच, छळ झाला हे दाखवायला तो चालतो. आणि त्या जबाबांच्या समासात दुचच्या हस्ताक्षरातले शेरे होते. आतला मजकूर खोटा, समास खरा. डेव्हिड चँडलर या इतिहासकाराने या दप्तरावर वर्षानुवर्षं काम केलं होतं, २००९ मध्ये ते साक्षीला आले. दुचला शेवटी जन्मठेप झाली.

हाताने लिहिण्याची सवय गुन्हेगारांना महागात पडते खरी. बोस्नियन सर्ब सेनापती म्लादिचच्या अठरा वह्या २०१० मध्ये बेलग्रेडमधल्या त्याच्या घरात दडवलेल्या सापडल्या. बैठकांच्या नोंदी, कोण काय म्हणालं, सगळं. त्या वह्या त्याच्या सोबत्यांविरुद्धच्या खटल्यांतही रुजू झाल्या.

सगळ्याच इतिहासकारांना हे काम मानवत नाही. १९९७ मध्ये बोर्दोला मोरिस पापोंचा खटला सुरू झाला. जर्मन ताब्याच्या काळात ज्यूंना हद्दपार करण्यात हातभार लावलेला हा फ्रेंच अधिकारी पुढे मंत्री झाला होता. इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन साक्षीला गेले. आंरी रूसो यांनी मात्र जायला नकार दिला. तिथे साक्षीदाराला टिपणं न घेता तोंडी बोलावं लागतं, वकील हो की नाही एवढंच ऐकायला बसलेले असतात. तिथे इतिहासकार हळूहळू एका बाजूचं हत्यार होतो, अशी त्यांची अडचण होती. हेगला सर्बियाचा माजी अध्यक्ष मिलोसेविच याने ती खरी करून दाखवली. वकील न घेता तो स्वतः उलटतपासणी घ्यायचा, इतिहासकार समोर आले की तासन्‌तास वाद घालायचा. त्याला न्यायाधीशांना पटवायचं नव्हतं, बेलग्रेडमध्ये टीव्हीसमोर बसलेल्यांना पटवायचं होतं. चार वर्षं हे चाललं आणि मार्च २००६ मध्ये निकालाआधीच तो कोठडीत मेला. साक्षीपुराव्याची हजारो पानं अभ्यासकांना मिळाली, निकाल मिळाला नाही.

न्यायालयाच्या मौनाचा सर्वांत बोचरा दाखला परत न्यूरेंबर्गचाच आहे. १९४० मध्ये कातिनच्या जंगलात पोलिश अधिकारी गोळ्या घालून पुरले गेले. हा गुन्हा जर्मनांचा, असं सोव्हिएत अभियोक्त्यांनी आरोपपत्रातच घातलं. साक्षी झाल्या, तज्ज्ञ आले, पण आरोप जमेना. निकालपत्रात कातिनचं नावच नाही. सोडूनच दिलं. न्यायाधीशांनी खोट्यावर शिक्कामोर्तब केलं नाही, आणि खऱ्याचा उच्चारही केला नाही, कारण खरा आरोपी त्यांच्यासमोर पिंजऱ्यात नव्हता, त्याचा प्रतिनिधी त्यांच्या शेजारी न्यायासनावर बसला होता. १९९० मध्ये मॉस्कोने कबुली दिली. १९९२ मध्ये मोहोरबंद पाकिटातला मूळ कागद बाहेर आला. ५ मार्च १९४० चा ठराव, आणि त्यावर स्टालिनची ठसठशीत सही.

दौलताबादेत तसा हुकूम कुणी लिहून दिलाच असेल असं नाही, दरबारात बोट दाखवूनही काम होतं. चार वर्षांनी, १६३३ मध्ये, किल्ला मोगलांनी घेतला. १६३६ मध्ये निजामशाहीच बुडाली. मग त्या खटल्यात उरलं काय, तर वैऱ्याच्या दप्तरातली हकीकत, घरातल्या माणसांचं निघून जाणं, आणि सिंदखेडराजातली ती दगडी समाधी. मेले किती, तर चार. तेवढं ती आजही शपथेवर सांगते.